शेवटचे पाहिले

तळटीप हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते ठेवलं दादानं. ही लहानपणापासून कुठल्याही बोलण्याला शेवटी एक शेपूट जोडायची. गप्पा संपल्या, सगळे उठले, दिवा मालवायला हात गेला, की हिचं सुरू व्हायचं, "आणि हो, अजून एक." दादा म्हणायचा, आली तळटीप. पुढे हीच बया पीएच.डी. करायला बसली, म्हणजे तळटिपांचं दुकानच मांडून बसली, तेव्हा दादा फोनवर पोट धरून हसला होता.

तिचा विषय होता, माणसं स्वप्नं कशी सांगतात. जागेपणीची स्वप्नं आपण बघतो, पण झोपेतलं स्वप्न आपल्याला पडतं. सांगणारा 'मी पाहिलं' म्हणत नाही, 'मला दिसलं' म्हणतो. एवढ्याशा फरकावर तिनं उमेदीची वर्षं घातली होती, आणि त्यातलं सर्वांत जीव लावून लिहिलेलं प्रकरण उभं होतं दादाच्या पानावर.

दादा दूरच्या शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होता. तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालायचे आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत माणसांना डोळे मिटून बसवायचं, हे त्याचं काम. मिटल्या डोळ्यांची माणसं फार बोलतात. दादा विचारायचा, स्वप्नबिप्न पडलं का हल्ली? ज्यांची ना नसे, त्यांची स्वप्नं तो नावं गाळून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहायचा. कुणाच्या स्वयंपाकघरातून नदी वाहत होती आणि भांडी तरंगत होती. कुणाचे कधीच गेलेले वडील जिन्यात बसून शांतपणे बूट पुसत होते.

गेल्या वर्षी दादा झोपेतच गेला. त्यानंतर तिनं ते पान उघडलं नाही. धीरच झाला नाही. आधी उतरवून घेतलेल्या मजकुरावर तिनं प्रकरण रेटलं आणि संदर्भसूचीत नोंद टाकली: लेखक, शीर्षक, पत्ता, आणि 'शेवटचे पाहिले', म्हणजे पान शेवटचं उघडल्याची तारीख.

मार्गदर्शक बाईंच्या खोलीत दुपार पेंगत होती. पडदा फुगायचा, पुन्हा खिडकीला चिकटायचा. टेबलावरचं ऊन कागदांवरून हळूहळू सरकत होतं. जाग्या होत्या त्या फक्त बाई. सूचीतला एकेक दुवा त्या स्वतः उघडून बघत. देव भेटला तर त्यालाही बाई संदर्भ विचारतील, असं विद्यार्थी म्हणायचे.

एका नोंदीभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल केला होता. हे पान उघडत नाही, त्या म्हणाल्या. तळटिपेनं वाकून पाहिलं, नोंद दादाच्या पानाची होती. पान नाही तर पुरावा नाही, प्रकरण गेलं. आणि प्रकरण गेलं चुलीत, दादाचा आवाज तेवढाच तर उरला होता.

"ते राहू दे. आधी ही तारीख बघ," बाई म्हणाल्या. "पान कधी सुरू झालं ते प्रकरणात तूच दिलंयस. त्याच्या दोन वर्षं आधी तू ते पाहिलंस?"

तिनं तारीख वाचली. 'शेवटचे पाहिले' या शब्दांपुढे तिच्या बोटांनी आपसूक टाकलेली तारीख. त्या दिवशी ती दादाला बसस्टँडवर सोडायला गेली होती.

"ही पानाची नाही, बाई," ती म्हणाली. "दादाला शेवटचं पाहिलं, त्या दिवसाची आहे."

बाईंनी स्वच्छ चष्मा पुन्हा एकदा पुसला. मग खुर्ची बाजूला सरकवून तिला संगणकाजवळ बोलावलं. बंद पडलेल्या पानांच्या जुन्या प्रती सांभाळून ठेवणारी एक साइट असते. तिथं त्यांनी पत्ता टाकला. चक्र फिरत राहिलं, पडदा फुगत राहिला, आणि तळटिपेला वाटलं, आपल्याच डोळ्यांत कुणीतरी थेंब घातलेत. मग त्या धूसर पांढऱ्यातून अक्षरं वर आली. चित्रं गेली होती, स्वप्नं शाबूत होती. नदी होती, जिना होता, बूट होते.

वाचत वाचत ती खाली गेली आणि थबकली. तिच्या प्रतीत पान जिथं संपत होतं, त्याच्याखाली अजून काही होतं. ती पाहून गेल्यावर कधीतरी दादानं जोडलेलं. इंटरनेटवरची पानं अशीच, काल एक आणि आज दुसरं. म्हणून तर बाई तारखेसाठी हटून बसायच्या.

"तळटीप: हे स्वप्न माझं. बस सुटली आहे. मागच्या काचेतून बहीण दिसते. हात हलवत काहीतरी ओरडते आहे. ऐकू येत नाही, पण मला माहीत आहे. मी ड्रायव्हरला म्हणतो, थांबा जरा, तिचं अजून संपलेलं नाही."

ती रडली. वर्षभराचं सगळं एकदम आलं. बाईंनी रुमाल पुढे केला आणि नजर खिडकीबाहेर ठेवली. तिनं डोळे पुसल्यावर त्या म्हणाल्या, आता बरोबर तारीख घाल. तिनं आजची घातली आणि कागद गोळा करून दारापर्यंत गेली.

"आणि हो, अजून एक," ती वळून म्हणाली. "मी उद्या पुन्हा पाहिलं तर?"

"तर उद्याची घाल," बाई म्हणाल्या.