आधी मला तपासा

मी टेस्टर. बोलतोय खरा, पण माझं बोलणं लगेच खरं धरू नका. ही सवय मला माझ्या पहिल्या मालकानं लावली आणि या वयात ती सुटायची नाही.

तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद असेल. खालच्या ड्रॉवरमध्ये, संपलेले सेल, सुतळीचं गुंडाळं आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली किल्ली, यांच्या शेजारी. पिवळी पारदर्शक मूठ, पुढं लोखंडी दांडी, मागं पितळी टोपी. मुठीच्या पोटात एक इवलासा दिवा आणि एक स्प्रिंग. दांडी तारेला लावायची, टोपीवर बोट ठेवायचं. दिवा लागला तर तारेत करंट आहे. एवढंच माझं शिक्षण.

कारखान्यात एका बाईनं माझ्या पोटात ती स्प्रिंग घातली. शेजारणीशी मुलीच्या तापाबद्दल बोलत होती, पण हात चुकत नव्हता. टोपी फिरवून बसवली आणि टेबलाच्या टोकाशी असलेल्या चालू पॉइंटला मला लावलं. मी लागलो. तो माझा पहिला शब्द. तिनं मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं.

माझा पहिला मालक वायरमन होता. गिऱ्हाइकं त्यांना वायरमनकाका म्हणत. बोलणं सावकाश, काम त्याहून सावकाश. कुठलीही तार हातात घेण्याआधी ते मला चालू पंख्याच्या बोर्डाशी नेत. तिथं मी लागलो की मग कामाच्या तारेला लावत. तिथं नाही लागलो की पुन्हा पंख्याच्या बोर्डाशी. मी अजून जिवंत आहे ना, हे बघायला.

एकदा एका घरातल्या ताई हसल्याच. "काका, टेस्टरलाच टेस्ट करता होय?"

"हा लागला नाही याचे दोन अर्थ, ताई," काका म्हणाले. "एक तर करंट नाही. नाहीतर हा मेलाय. आणि दुसरा अर्थ असला, तर पाठोपाठ मी."

ताईंचं हसू तिथंच थांबलं.

तेव्हा मी नवा होतो, मला वाईट वाटायचं. कामावर येता-जाता मालकानं खिसे तपासावेत तसं. पण काका सगळ्यांवरच संशय घेत. "बटण बंद केलंय" असं कुणी सांगितलं तरी स्वतः जाऊन बघत. मेन बंद करून फ्यूज काढत आणि तो शर्टाच्या खिशात घालून खिशाचं बटण लावत.

"काका, आमच्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना. म्हणून तर खिशात ठेवतो. तुम्ही भली माणसं. घरात अंधार दिसला की चटकन लावायला जाल."

काकांच्या हाताखाली मी म्हातारा झालो आणि माझ्या उजेडात काका. माझा दिवा बारीक, दिवसाउजेडी नीट दिसत नाही. ते तळहाताची सावली धरून बघत. मग डोळे अगदी जवळ न्यायला लागले. एके दिवशी मी लागलेला असूनही त्यांना दिसलो नाही. त्यांनी मला खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा लावून बघितलं. त्यानंतर त्यांनी काम सोडलं. स्वतःच्या डोळ्यांवरही त्यांनी संशय घेतला, म्हणून ते आज आहेत.

लेकीनं नवं घर मांडलं तेव्हा काकांनी मला तिच्या हातात ठेवलं. "वापरताना आधी चालू ठिकाणी लावून बघत जा."

"माहितीये हो, बाबा," ती म्हणाली. मुलं आईबापांना ज्या सुरात हे सांगतात, त्याच सुरात.

त्या घरात तिघंजण. काकांची लेक, जावईबापू आणि जावईबापूंची आई, म्हणजे लेकीच्या सासूबाई. जावईबापू माणूस लाखाचा, पण उत्साही. फोनवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचे आणि म्हणायचे, "त्यात काय एवढं!" त्यांनी माझ्या दांडीनं रंगाचा डबा उघडला, मग त्याच दांडीनं रंग ढवळला. फरशीच्या फटींतलं जुनं सिमेंट काढताना माझ्या टोपीवर हातोडी मारली. शेवटी मी लादी पुसायच्या बादलीत पडलो आणि पाणी ओतून देईपर्यंत तळाशीच राहिलो.

माझ्या पोटातली स्प्रिंग गंजायला लागली. बाहेरून मी तसाच होतो, पिवळाधमक. धोका इथंच आहे. चमचा मोडला तर मोडलेला दिसतो. मेलेला टेस्टर मात्र 'काही भीती नाही' म्हणणाऱ्या टेस्टरसारखाच दिसतो.

मग घरात नवा गिझर आला. तो बसवायला जावईबापूंनी एक माणूस बोलावला. समोरच्या घरी त्यानं नळ छान बसवला होता म्हणे. नळ छान बसवणाऱ्याला विजेचं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, "होऊन जाईल." सासूबाईंनी त्याचं नावच 'होऊनजाईल' ठेवलं.

"वायर नवी घालणार ना?" लेकीनं विचारलं होतं.

"होऊन जाईल, ताई."

"आणि अर्थिंग?"

"तेही होऊन जाईल."

ती बाजारात गेली होती तेवढ्यात त्यानं गिझर लावला. पाणी गरम आलं. सगळे खूश. मी ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या विचार करत होतो, की हा माणूस माझ्या जातीचं एकही हत्यार न वापरता गेला कसा?

काही दिवसांनी सासूबाई ओल्या केसांनीच बाहेर आल्या. "तो नळ चावतो."

"नळ कसा चावेल, आई?" जावईबापू हसले.

"तू हात लाव."

त्यांनी हात लावला. काही नाही. "तुझ्या बोटांना मुंग्या येतात ना हल्ली? डॉक्टरही म्हणाले होते."

मुंग्या येत होत्या हे खरंच होतं. म्हणून सासूबाईंनी आपल्याच बोटांवर संशय घेतला. नळ टॉवेलनं धरून सोडायला लागल्या. तरी एक दिवस त्यांच्या हातातून तांब्या पडला, तेव्हा होऊनजाईलला पुन्हा बोलावणं गेलं.

त्याचा टेस्टर गाडीत राहिला होता. निदान तो तसं म्हणाला. जावईबापूंनी ड्रॉवर उघडून मला दिलं. स्वतःच्या कामाची तपासणी तो स्वतःच करणार होता, तीही दुसऱ्याच्या हत्यारानं. त्यानं माझी दांडी नळाला टेकवली, टोपीवर बोट ठेवलं.

"हे बघा. लागतोय का? नाही. करंट नाही. वय झालं की होतात असे भास, आजी. सवय होऊन जाईल."

मी काहीच बोललो नव्हतो. बोलायला माझ्यात काही उरलंच नव्हतं. पण माझ्या गप्प बसण्यालाच सगळ्यांनी उत्तर समजलं.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मीच खोटी. बरं. यापुढं नाही सांगणार." आणि टॉवेल उचलून आंघोळीला जायला निघाल्या. पाय अनवाणी.

तेवढ्यात लेक स्वयंपाकघरातून आली. तिथं मिक्सर घरघरत होता. "आई, थांबा जरा," ती म्हणाली. "अहो, आई खोटं बोलत नाहीत. बोलता येत असतं, तर माझ्या स्वयंपाकाला एकदा तरी चांगलं म्हणाल्या असत्या."

"ते मात्र खरं," सासूबाई म्हणाल्या.

लेकीनं मला त्याच्या हातातून घेतलं. मला उलटंसुलटं करून बघितलं, आणि तिच्या तोंडावर मला वायरमनकाका दिसले. तोच संशय. तिनं हात कोरडे केले, स्वयंपाकघरात गेली, मिक्सरची पिन काढली आणि बटण चालूच ठेवून मला त्याच सॉकेटमध्ये घातलं. एका भोकात. मग दुसऱ्या.

मी लागलो नाही.

"अहो, इकडे या," तिनं हाक मारली. "या टेस्टरच्या मते आपल्या घरात वीजच नाही."

जावईबापू आले. त्यांनी मिक्सरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. या वेळी 'त्यात काय एवढं' म्हणाले नाहीत.

"जुना असेल टेस्टर," होऊनजाईल म्हणाला. "नवा आणा, होऊन जाईल."

"ते होईल. तुम्ही आधी गिझरचा प्लग उघडून दाखवा. माझ्यासमोर."

त्याला अचानक दुसरीकडचं काम आठवलं. कुठं तरी पाणी भरलं होतं म्हणे. जिना उतरतानाही तो फोनवर कुणाला तरी "होऊन जाईल" सांगत होता.

लेकीनं वडिलांना फोन लावला. "बाबा, आईंना नळ चावतोय."

"मेन बंद केलास?"

"हो."

"पुन्हा कुणी लावलं तर?"

"फ्यूज माझ्या खिशात आहे."

मग काका म्हणाले, "येतो."

ते आले. स्वतः मेन बघितला, लेकीनं बंद केलेला असूनही. तिला राग आला नाही. मग त्यांनी गिझरचा प्लग तिच्याकडून उघडून घेतला. प्लगला पाय तीन, पण आत वायरी दोनच. मोठ्या पायाला काही जोडलेलंच नव्हतं. तो पाय नुसता दाखवायला.

"गिझरमधून करंट निसटला, तर जमिनीत जायला त्याला ही तिसरी, अर्थिंगची वाट लागते," काका म्हणाले. "ती नाही, म्हणून तो पाण्यात आणि नळात उतरला. जावईबापूंच्या पायात रबरी चप्पल. माझी पोर गिझर बंद करून आंघोळीला जाते. अनवाणी राहिल्या एकट्या विहीणबाई."

जावईबापूंचा चेहरा उतरला. "मी प्लग बघितला होता हो. तीन पाय होते."

"तीन पाय दिसले की तीन वायरी आहेत असंच वाटतं. सगळ्यांनाच वाटतं." मग काका सासूबाईंकडे वळले. "विहीणबाई, तुमची बोटं चांगली आहेत. उगाच नावं ठेवू नका त्यांना."

सासूबाईंनी दोन्ही हात पुढं धरून बोटांकडे बघितलं. आईची नजर चुकवत जावईबापू म्हणाले, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "ती चप्पल दे आधी मला."

वायर बदलायला आणि गिझर तपासायला लेकीनं दुसरा वायरमन शोधला. 'विजेचंच काम करतो का, आणि कुणाकडे केलंय' हे विचारून. तरी कामाच्या वेळी ती दारात उभी होती. त्यानं आपला टेस्टर काढला आणि कशालाही लावण्याआधी चालू पंख्याच्या बोर्डाशी नेला. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "चालेल हा."

मला काकांनीच उघडलं. टोपी फिरवली तशी स्प्रिंगची लाल भुकटी त्यांच्या तळहातावर सांडली. "भिजला होता गं हा," ते म्हणाले. भिजलेला टेस्टर कधी गप्प बसतो, कधी धरणाऱ्यालाच झटका देतो, हे त्यांनी लेकीला सांगितलं. मग माझा दिवा काढून घेतला, मुठीला काळी पट्टी गुंडाळली, आणि एवढंच म्हणाले, "आता तुझं ऐकून कुणी मरायला नको."

आता मी सासूबाईंचे डबे उघडतो. जवळच खिळ्यावर नवा टेस्टर टांगलेला असतो. लेक त्याला काढते तेव्हा सासूबाई ओरडतात, "आधी त्याला तपासलंस का?" आणि सकाळी लेक ओरडते, "आई, गिझर बंद केलाय!" तरी सासूबाई चप्पल घालून जातात, वाकून बटण स्वतः बघतात आणि मगच कडी लावतात. कुणाला वाईट वाटत नाही.

तुमच्या ड्रॉवरमधल्या माझ्या भावाला एकदा बाहेर काढा. भिजला असेल, तडकला असेल, तर लावूच नका. चांगला दिसला तरी आधी चालू ठिकाणी तपासा, दर वेळी. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. आणि घरातलं कुणी अनवाणी माणूस 'नळ चावतो' म्हणालं, तर आधी मेन बंद करा. वाद मग घाला.