अडलेला दाखला

कॅनडातल्या दुसऱ्या प्रांतातला कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी पाठ-मणके बसवणारा डॉक्टर, आमच्या सस्कॅचेवानमध्ये चार दिवसांसाठी जरी आला, तरी त्याच्या प्रांताच्या परवाना मंडळाकडून त्याच्या सेवेचा दाखला थेट माझ्याकडे यावा लागतो. तोवर त्याने कुणाच्या मणक्याला बोट लावायचं नाही. हे तात्पुरते परवाने देण्याचं काम माझं, आणि त्यापायी शिव्या खाण्याचंही.

न्यूफाउंडलंडच्या कर्लिंग संघाबरोबर आलेले डॉक्टर सिरिल पिटमन सोमवारी सकाळी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात दाखल्याची प्रत.

"हातातला चालत नाही, डॉक्टर. तुमच्या मंडळाकडूनच यायला हवा."

"तिकडे आज सेंट पॅट्रिकची सुट्टी आहे, बाई. आमच्या मॅनेजरच्या डोक्यातूनच गेलं."

"धन्य तुमचा मॅनेजर!"

"आमच्या संघातल्या नोरीनची कंबर धरलीय. दुपारी अंतिम सामना. वाकता आलं नाही तर बर्फावर दगड सरकवणार कशी? साठी उलटलीय तिची. पुन्हा कुठली संधी?"

"आमचे डॉक्टर आहेत की मैदानावर."

"एकदा परक्याच्या हाती पाठ दिली, तर सहा महिने अंथरुणात होती. आता माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही."

मी फोन लावत सुटले. त्यांच्या मंडळात नुसती घंटी वाजत राहिली. सचिवांच्या घरी बायको म्हणाली, ते गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलेत. आमचे साहेब म्हणाले, "नियम म्हणजे नियम, डार्लीन." मी अगदी रडकुंडीला आले. पिटमन समोर खुर्चीत हात आवळून बसले होते. शेवटी मी नाही म्हटलं, तेव्हा उठून गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"नोरीन जिंकली."

"अभिनंदन! म्हणजे आमच्या डॉक्टरांना हात लावू दिला?"

"नाही. मी लावला."

"मला कशाला सांगताय?" मी ओरडलेच. "कुणी पाहिलं का?"

"कुणीच नाही. पण तुम्ही माझ्यासाठी एवढी धडपड केलीत, बाई. तुमच्याशी खोटं नाही बोलवत."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. गप्प बसला असता तर दोघंही सुटलो असतो.

मंगळवारी कचेरी उघडताच दाखला आला. एकतीस वर्षांची सेवा, एकही तक्रार नाही. खाली सचिवांनी आपणहून लिहिलं होतं, 'असा सज्जन माणूस आमच्याकडे दुसरा नाही.'

मी त्यांनाच उत्तर लिहायला घेतलं. विषय: डॉक्टर सिरिल पिटमन यांच्याविरुद्ध तक्रार.