अर्धा इंच

सुभेदार-मेजर मेहताब सिंग पठानिया निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. कांगड्याच्या उतारावर भाताची चार खाचरं आणि दुखऱ्या गुडघ्यांना मोहरीचं तेल, एवढाच आता त्याचा संसार. एकोणीसशे सोळा सालच्या हिवाळ्यात, जर्मनीशी लढाई चालू असताना, पलटणीचं पत्र आलं: भरतीच्या कामावर हजर व्हावं. त्याने पेटीतला कोट काढला. पोटावर बटण लागेना.

मग गावोगाव हिंडणं. पुढे ढोलवाला, मागे खेचरावर हा. सुरुवातीला लोक दूध घेऊन सामोरे यायचे. पुढे पुढे ढोल ऐकला की दारं लागायला लागली.

एका गावात अत्तरी नावाची विधवा आडवी आली. तिचे दोन मुलगे समुद्रापार बसऱ्याकडे लढायला गेलेले. एक मेल्याचं पत्र आलं होतं, दुसऱ्याचं काहीच नाही.

"राम राम, सुभेदारजी. तिसराही नेताय म्हणे? मग मलाही घ्या की, पलटणीची भांडी घासायला."

"मी नेत नाही, वहिनी. तो आपल्या पायांनी आलाय."

"आणि ते पाय कुणाचा ढोल ऐकून उचलले?"

त्याने छाती मोजायची फीत उचलली. तिचा तिसरा, रसीला, एकोणीस वर्षांचा, उघड्या अंगाने रांगेत उभा होता. छाती तेहतीस इंच हवी. बरोबर तेहतीस भरली. मेहताब सिंगने फीत किंचित आवळली.

"साडेबत्तीस," तो कारकुनाला म्हणाला. "नापास."

"काका, परत मोजा! तुम्ही फीत आवळलीत!"

"घरी जा, दूध पी."

रांग खो खो हसली. रसीला सदरा न घालताच निघून गेला. तीस वर्षांच्या नोकरीत मेहताब सिंगने खोटी नोंद पहिल्यांदाच केली होती.

वीसेक दिवसांनी अत्तरी त्याला पाणवठ्यावर दिसली. त्याने आपणहून खेचर थांबवलं.

"रसीला बरा आहे ना?"

"गेला. होशियारपूरला चालत जाऊन दुसऱ्या पलटणीत भरती झाला." तिने घागर खाली ठेवली. "तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

त्याने होकाराची मान हलवली.

"मला सांगायचंत तरी. तो राहिला म्हणून मी इतकी खूश झाले, की दोन दिवस त्याला चिडवत होते. कोंबडीची छाती म्हणून."

त्या आठवड्यात मेहताब सिंगने साहेबाला लिहिलं, गुडघे गेले, मोकळं करा. उत्तर आलं, बदली माणूस मिळेपर्यंत थांबा. माणूस काही मिळाला नाही. लढाई संपेपर्यंत तो त्याच डोंगरात हिंडत राहिला.