गोष्टीतली बाई कोण

"तिथंच थांबा बाई," गोजरबाईंनी दारात हात आडवा धरला. "आत यायचं न्हाई."

बेबीनंदाच्या खांद्याला लसींचा डबा होता, हातात वजनकाटा. पल्स पोलिओ नुकतंच सुरू झालं होतं. परतूरजवळच्या या गावात ती बरीच वर्षं नर्स होती. गोजरबाईंच्या सुनेचं, कांताचं, बाळंतपण तिनंच केलं होतं.

"मावशी, बाळाचं वजन करायचंय."

"कराल अन् पेपरात घालाल."

मग तिच्या ध्यानात आलं. रविवारच्या पुरवणीत तिची गोष्ट छापून आली होती. आयुष्यातली पहिली. उपकेंद्रात दुपारी कोणी नसलं की ती लिहायची, फाडायची, पुन्हा लिहायची. गावात कोणीतरी कौतुक करील असं तिला वाटलं होतं. पण आता ती हापशावर गेली की बायका बोलायच्या थांबत.

"मनानं रचलेली गोष्ट आहे ती, मावशी."

"मनानं? गुरुजीनं चावडीवर वाचून दाखवली. पोरगी झाली म्हणून बाईनं भिताडाकडं तोंड केलं, लेकराला पाजलं न्हाई. आमच्या कांतानं बराबर तसंच केल्तं. खोलीत आपुन तिघीच. मी कुणाला बोलले न्हाई, कांता बोलली न्हाई. मंग राह्यलं कोण?"

शेजारच्या ओट्यावर ज्वारी पाखडणारं सूप थांबलं.

"कांता नाही ती," बेबीनंदा खालच्या आवाजात म्हणाली. "माझी आई आहे. अन् ती पोरगी मी. शेजारणीनं पाजलं मला."

सुरुवातीला तिनं 'मी' असंच लिहिलं होतं. हात पुढे चालेना. 'मी' खोडून 'ती' केलं, तेव्हा कुठे ओळी सुचत गेल्या.

गोजरबाईंनी दारातला हात काढला नाही.

"सख्ख्या आईला सोडलं न्हाई तुम्ही," त्या म्हणाल्या, "मंग आम्हाला काय सोडनार?"

"येऊ द्या त्यांना, आत्याबाई," आतून कांताचा आवाज आला.

गोजरबाई बाजूला झाल्या. "पेन भाईर ठेवा."

बेबीनंदानं पेन ओट्यावर ठेवलं आणि आत गेली. काट्याच्या झोळीत बाळ घालताना कांता जवळ सरकली, कुजबुजली, "मंग नंतर जवळ घेतलं का तुम्हाला आईनं?"

बेबीनंदानं दाराकडे पाहिलं. गोजरबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"वजन चांगलं भरलंय," ती म्हणाली आणि बाळ कांताच्या हातात दिलं.