मारुतीकडे तोंड

एका हातावर उभं राहायला मला पाच वर्षं लागली. पाय वर, डोकं खाली, सगळा भार उजव्या पंजावर आणि डावा हात मोकळा. लोकांना वाटतं ताकद लागते. ताकद काय, हमालाकडेही असते. लागतो तो तोल, आणि तो मनगटात मुरायला वर्षं जातात.

माझा मुरला एकलहऱ्याच्या तालमीत. तालीम कसली, एका बंद पडलेल्या कँटीनचं स्वयंपाकघर. सावळीराम सर तिथे फुकट शिकवायचे. नियम एकच: कसरत करायची ती भिंतीवरच्या मारुतीकडे तोंड करूनच. कुणी पाठ केली की सर अंगावर धावून यायचे.

यंदा एका मोठ्या कसरत पथकाची निवड नाशकात होती. वयाची अठ्ठावीस पूर्ण झालेले त्यांना चालणार नव्हते आणि माझी पुढच्या महिन्यात होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी. एका हातावर दहा सेकंद मागितले होते. मी तालमीत रोज पंधरा काढायची. आईला सांगूनही टाकलं होतं, स्थळं बघणं बंद कर, मी चालले.

निवडीचा हॉल नवा कोरा होता. तिसऱ्याच सेकंदाला मी डावीकडे पडले. दुसऱ्यांदा डावीकडे. तिसऱ्यांदाही डावीकडेच. परीक्षक बाई हळूच म्हणाल्या, "सराव कमी पडला का गं?"

कमी! पाच वर्षं घासली होती मी! चांगलं सुनावलं असतं, पण तोंड उघडलं असतं तर रडूच बाहेर आलं असतं.

शनिवारी तालमीत गेले. शनिवारी मारुतीला तेल, आणि त्याआधी फरशी धुणं. ते काम पहिल्यापासून माझ्याकडे. गाद्या उचलल्या, बादली ओतली. पाणी आपसूक उजव्या भिंतीकडे, जुन्या मोरीकडे निघालं. दर शनिवारी निघतं. आज मात्र मी खराटा धरून बघतच राहिले. मारुतीकडे तोंड केलं की उतार कायम उजवीकडे. तो सांभाळायला अंग कायम जरा डावीकडे. सपाट जमिनीवर ते पडणार नाही तर काय होणार?

"सर, फरशीला उतार आहे."

"हाय ना. सैपाकघर व्हतं, पानी जायला नको?"

"मग एकदा तरी दुसरीकडे तोंड करू द्यायचं!"

"मारुतीला पाठ दाखवायची?" सरांना माझं म्हणणं कळलंच नाही.

मी बादली लाथाडली. त्यांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. पण पाच वर्षं ते पाणी मोरीकडे लोटत होतं कोण? मीच ना?

सरांनी गादी अंथरली. "रडू नको तेजू. लाव हात. बघू तरी कुठं चुकतंय."

मी मारुतीकडे तोंड केलं आणि वर गेले. डावा हात उचलला. सर मोजायला लागले. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. इतकं कधीच जमलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कपाळावरून केसांत जात होतं.

"बघ!" सरांनी टाळी वाजवली. "लय भारी! कोन म्हनतं तुला येत नाय?"

येत होतं ना. सगळ्या जगात फक्त या एवढ्या फरशीवर येत होतं.