बारनाबाचं गुलाबी पाणी

हापशापाशी झुंबड उडाली होती. संदेष्टा बारनाबा पांढरा झगा सावरत ओरडत होता, "ही बाटली पाजा, लेकराचे जुलाब पळालेच म्हणून समजा! एका बाटलीला एक कोंबडी. देवाच्या दारी घासाघीस नाही, बायांनो!"

आणि जुलाब खरंच थांबायचे. पंचाईत तीच होती.

मी एस्नार्ट. मलावीतल्या या गावात घरोघर जाऊन प्रश्न विचारणं ही माझी नोकरी. आमच्या संस्थेने हापशाजवळ क्लोरीनची निळी टाकी बसवली होती. तोटी फिरवायची, घागरीत थेंब पाडायचे, सगळं फुकट. बाया ते वापरतात का, एवढंच मला शोधायचं होतं. पण पाहुण्याला 'नाही' म्हणणं आमच्याकडे उद्धटपणाचं, म्हणून घरोघरी उत्तर 'हो'. टाकीही भराभर रिकामी व्हायची, त्यामुळे शहरातलं ऑफिस खूश. मी मात्र घागरीतल्या पाण्यात तपासणीचं औषध टाकायची आणि पाणी काही गुलाबी व्हायचं नाही. म्हणजे क्लोरीन नाही. सगळे माझ्याशी गोड बोलत, खरं कुणीच बोलत नसे. संध्याकाळी एकटीसाठी मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवताना ते फार लागायचं.

शेजारच्या एनेलेसीचं बाळ सुकत चाललं होतं. बाटली संपली की जुलाब पुन्हा सुरू. आज ती शेवटची कोंबडी देऊन बाटली घेत होती.

"अगं, टाकीतलं का घेत नाहीस?"

"घेते की, ताई."

"एनेलेसी, मी पाहुणी आहे का गं?"

तिने बाळाला छातीशी धरलं आणि पुटपुटली, "त्यानं बाई वांझ होते. बारनाबाच म्हणाले."

माझं डोकंच फिरलं. तिच्या बाटलीतलं थोडं पाणी पेल्यात ओतलं, औषध टाकलं. पाणी गुलाबी!

"येशूचं रक्त!" बारनाबा गरजला. "हालेलुया!"

सगळी गर्दी गुडघ्यांवर बसली. उभी मी एकटी. रडूच आलं मला.

मग मी हापशाचं पाणी दोन पेल्यांत घेतलं. एकात टाकीची तोटी फिरवली. दोन्हींत औषध टाकलं. साधं पाणी साधंच राहिलं, टाकीचं गुलाबी झालं.

"रक्त इथं फुकट मिळतंय," मी म्हणाले, "मग कोंबडी कशाची?"

"पोरी, देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही, तुमची. बाया टाकीला हात लावत नाहीत, मग ती रिकामी कोण करतं?"

त्याचे चेले ज्या कॅनमधून बाटल्या भरत होते, त्याच्या आड सरकले. एका आजीने पुढे होऊन कॅनचं झाकण काढलं, हुंगलं. "टाकीचाच वास! आम्हाला भीती घातलीस आणि तेच आम्हाला विकलंस होय रे?"

बारनाबाने काढता पाय घेतला. मला मात्र कुणी शाबासकी दिली नाही. सगळ्यांचे 'हो' चारचौघांत खोटे पडले होते. एनेलेसीने टाकीची तोटी फिरवली, घागर उचलली आणि माझ्याकडे न बघता निघाली.

"माझ्याशी बोलू नका हवं तर!" मी मागून ओरडले. "पण जो कुणी घाबरवेल, त्याला विचारा, तुला कसं कळलं? मलाही विचारा. आणि 'नाही' असेल तर तोंडावर 'नाही' म्हणा. तुमच्या खोट्या 'हो'ने माझा मान राहतो गं, पण लेकरू हातचं जातं."