उन्हातली पानं, सावलीतली पानं

पेरूची पानं उन्हात वाळवायची की सावलीत, यावरून माझं आणि धाकट्या जावेचं ती नवी नवरी होऊन आली तेव्हापासून वाजायचं. पोटाच्या औषधासाठी आम्ही दोघी काढेवाल्याला पानं द्यायचो. माझी गच्चीवर कुरकुरीत व्हायची, तिची व्हरांड्यात दोरीवर लोंबकळत असायची. परवा काढेवाल्याने निरोप धाडला, "यापुढे दोन तऱ्हेचा माल नको. एक काय ते ठरवा."

मला गच्ची सोडवेना. सासूबाईंनी वाळवणं तिथेच शिकवलं होतं. त्यांच्या पदराला येणारा पानांचा वास अजून आठवतो.

जावेची नात रसायनशास्त्र शिकते. आमचा निवाडा करायला तिने गाळणकागदाच्या पट्ट्या लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवल्या होत्या.

"मोठी आजी, पानातलं तुरट औषधी द्रव्य जितकं जास्त, तितकी पट्टी काळी. दोन्ही पानं सारखी तोलून उकळा."

आम्ही उकळली. दोन्ही पट्ट्या काळ्या कुळकुळीत.

"बरोबरी झाली," जाऊ म्हणाली.

"बरोबरी कसली? चष्मा पूस आधी."

नातीने काहीच न लावलेला कोरा कागद काढ्यात बुडवला. तोही काळा! मग तिने चुलीकडे पाहिलं.

"लोखंडी कढई?"

"मग? काढा आणखी कशात करतात?"

"अगं, कढईतलंच लोखंड उतरलं त्यात! काढा आधीच काळा झाला, पट्टी काय बिचारी सांगणार?"

तो काळेपणा आम्ही जन्मभर पानांचा गुण समजत होतो.

पुन्हा दोन्ही वेगवेगळी उकळली, या वेळी काचेच्या भांड्यांत. काढा फिकट सोनेरी निघाला. इतक्या वर्षांत हा रंग मी पाहिलाच नव्हता. भांडं उजेडात धरून बघतच बसले.

"मोठी आजी, पट्टी बुडव ना!"

माझी पट्टी राखाडी झाली. जावेची काळी.

वाटलं, आता ही टोमणा मारणार. ती नुसती पदराशी चाळा करत राहिली. मीच म्हटलं, "पुन्हा कर गं, नवी पानं घेऊन." नातीने केलं. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी सुपं उचलून व्हरांड्यात नेली.

"ताई, दोरी पुरायची नाही."

"मग सरक जरा. आणि पोरी, उरलेल्या पट्ट्या टाकू नकोस. खालच्या फांदीची पानं काय म्हणतात, बघायचंय मला."